मिठाची घाई

विटा हे सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे मुख्य गाव. 1949 पर्यंत हा मुलूख सातारा जिल्ह्यात मोडत असे. पर्जन्यछायेतील ही भूमी. शेतीवर पोट भरेना म्हणून येथील माणसे सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा शिकून हिंदुस्थानभर पांगली, आणि आज दूरदूरच्या शहरांतील सराफ पेठेच्या मागल्या गल्लीत खानापूरकडचा गलाईवाला आपली मूस आणि भट्टी घेऊन बसलेला आढळतो. प्रस्तुत लेखकाचे आजोळ या गावी आहे. काही वर्षांपूर्वी ऐन वैशाखात तेथे जो एक घरगुती प्रसंग घडला, त्याने वैद्यकाच्या एका विलक्षण इतिहासाकडे माझे लक्ष ओढले. म्हणून आरंभी तो प्रसंग सांगतो.

माझी मामी सत्तरी ओलांडलेली. रक्तदाबासाठी तिला लघवी वाढविणारी गोळी चालू होती. रक्तदाब म्हणून जेवण अळणी. उन्हाळा म्हणून ‘पाणी भरपूर प्या’ हा येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाचा उपदेश. आणि दात पडल्यामुळे खाणे म्हणजे चहात बुडवून चार घास. आठदहा दिवस ती मलूल होती, मग तोल जाऊ लागला, मग ती बरळू लागली आणि शेवटी पोटच्या पोराला ओळखीना. रुग्णालयात नेऊन रक्त तपासले, तेव्हा त्यातील सोडियम 106 निघाले. सोडियम म्हणजे मिठाचा अर्धा भाग. निरोगी माणसाच्या रक्तात दर लिटरमागे हा आकडा 135 ते 145 मिलिमोल असतो.

मामेभाऊ तिकडे तमिळनाडूत गलाईचे दुकान चालवितो. सुट्टीस आला होता. तो डॉक्टरांना म्हणाला, “मीठ कमी झालंय म्हणता, तर भरा की मीठ! पैशाकडं बघू नका.” डॉक्टर शांतपणे म्हणाले, “दादा, चोवीस तासांत सहा, फार तर आठ. त्याच्यावर एक आकडासुद्धा नाही.” आम्हांस हे चमत्कारिक वाटले. दुकानात माल आहे, गिऱ्हाईक दारात उभे आहे, पैसे मोजावयास तयार आहे, आणि दुकानदार म्हणतो की रोज पसाभरच देईन!

खरा चमत्कार दुसऱ्या दिवशी पहाटे झाला. गोळी बंद केलेली, शिरेतून थोडे मीठ गेलेले. अशा स्थितीत मामीला एकाएकी लघवीचा लोट सुरू झाला. शरीरातील जास्तीचे पाणी निघून जाऊ लागले आणि संध्याकाळी 109 वर असलेले सोडियम पहाटे 117 वर गेले. मामी डोळे उघडून पाहू लागली, चहा मागू लागली. आमच्या आनंदास पारावार राहिला नाही. डॉक्टरांचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी मिठाची बाटली काढली, साखरेचे पाणी लावले आणि लघवी थोपविण्याचे इंजेक्शन दिले. म्हणजे चढलेले सोडियम त्यांनी मुद्दाम खाली आणावयास घेतले! मामेभाऊ संतापला. “काल मीठ कमी म्हणून आणली, आज पाणी सोडताय. ही कसली वैद्यकी?” डॉक्टर त्याच भागातले. त्यांनी विचारले, “दादा, गार मूस तुम्ही एकदम भडकलेल्या भट्टीत ठेवता का?” मामेभाऊ म्हणाला, “न्हाई. तडकंल की ती.” “मग झालं तर,” असे म्हणून डॉक्टर पुढल्या खाटेकडे वळले.

हे तडकणे म्हणजे काय, ते वैद्यांना केव्हा कळले, आणि कळावयास इतका उशीर का लागला, हा या लेखाचा विषय आहे.

आपल्या खेड्यापाड्यांत सलाईनच्या बाटलीविषयी जी श्रद्धा आहे ती सर्वांच्या परिचयाची आहे. अंगात कसर आली, लावा सलाईन. लग्नाच्या धावपळीत थकवा आला, लावा सलाईन. एका लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, यापलीकडे त्या बाटलीत काही नसते. परंतु या श्रद्धेला नुसते भोळसट म्हणून हसून चालणार नाही. तिच्या मुळाशी खरा पराक्रम आहे. 1831 साली पटकीची साथ इंग्लंडात पोहोचली, तेव्हा विल्यम ओशॉनेसी नावाच्या बावीस वर्षांच्या तरुण डॉक्टराने रोग्यांचे रक्त तपासून दाखवून दिले की, त्यातील पाणी आणि क्षार जुलाबांवाटे निघून गेले आहेत, आणि जे गेले ते परत घालणे हाच उपाय आहे. हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्यास आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे विणून गेला. त्याचा विचार कृतीत उतरविला तो लीथ बंदरातील थॉमस लाटा याने. 1832 च्या मे महिन्यात, सर्व उपाय थकलेल्या एका वृद्ध स्त्रीच्या शिरेत त्याने अर्ध्या तासात सहा पाइंट मिठाचे पाणी सोडले. बुडालेली नाडी परत लागली, काळानिळा पडलेला चेहरा उजळला, ती बोलू लागली. लाटा समाधानाने निघून गेला. इकडे उलट्याजुलाब पुन्हा सुरू झाले आणि साडेपाच तासांत ती बाई दगावली. पाणी पुन्हा सोडले असते तर ती खचित वाचली असती, असे लाटाने लिहून ठेवले आहे, आणि आजच्या ज्ञानाप्रमाणे त्याचे म्हणणे बरोबर होते.

पुढे सुमारे सत्तर वर्षे हा उपाय अडगळीत पडला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कलकत्त्यास लेनर्ड रॉजर्स याने नेहमीपेक्षा घट्ट मिठाचे पाणी शिरेतून देऊन पटकीच्या मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले. ज्या देशात पंढरीच्या वारीमागोमाग पटकी चालत येई आणि गावोगावच्या शिवेवर मरीआईची ठाणी बसत, त्या देशाला ही बातमी केवढी असेल! येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पटकीत सर्व नाश काही तासांत होतो. जे तासांत गेले ते तासांत भरून काढणे योग्यच असते. या यशातून वैद्यकाच्या मनावर जो संस्कार झाला तो असा की, उणे पडले ते भरावे, आणि जितक्या लवकर भरावे तितके उत्तम. पुढल्या अनर्थाचे बीज या निरपवाद वाटणाऱ्या वाक्यात होते.

मीठ कमी होण्याचा दुसरा एक प्रकार आहे, आणि माझ्या मामीचा तोच होता. त्यात मीठ फारसे जात नाही. पाणी जास्त होते, आणि असलेले मीठ त्यात पातळ होते. अमेरिकेत 1923 साली राउंट्री याने कुत्र्यांच्या पोटात नळीने पाणी घालघालून दाखविले की, साध्या पाण्यानेही विषबाधा होते. प्राण्यांना झटके येतात, शुद्ध जाते, ते मरतात. ज्या पाण्याला आपण जीवन म्हणतो त्याची ही दुसरी बाजू होय. 1935 साली हेल्विग आणि त्याचे सहकारी यांनी, शस्त्रक्रियेनंतर गुदद्वारे बेसुमार पाणी दिल्यामुळे मेलेल्या एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तीन वर्षांनी त्याच हेल्विगने दुसरी हकीकत लिहिली. तीत मरणाच्या दारी पोहोचलेला असाच एक रोगी शिरेतून घट्ट मिठाचे पाणी देताच बरा झाला होता. म्हणजे 1938 साली रोग कळला होता, उपायही सापडला होता. कथा येथे संपावयास हवी होती.

परंतु रक्तातील सोडियम मोजणे हे त्या काळी तासन्‌तास चालणारे रसायनकर्म होते, त्यामुळे ते क्वचितच केले जाई. 1945 च्या सुमारास ज्योतीच्या प्रकाशावरून क्षार मोजणारे यंत्र प्रचारात येऊ लागले आणि ही अडचण सरली. या यंत्राचे तत्त्व आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात दिसते. भाताच्या किंवा डाळीच्या आधणात मीठ पडलेले असले आणि ते उतू गेले, तर शेगडीची निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. तो पिवळेपणा सोडियमचा. ज्योत किती पिवळी झाली हे मोजले की सोडियम किती ते काही मिनिटांत समजते. यापुढे कोणत्या रोग्याचे सोडियम खाली आहे हे डॉक्टरांना दिसू लागले. आकडा दिसू लागला म्हणजे तो दुरुस्त करण्याची इच्छा होणे हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. परीक्षेतील गुण असोत, बाजारभाव असोत की रक्तातील क्षार, खाली गेलेला आकडा डोळ्यांत सलतो.

याच सुमारास, 1950 साली, अमेरिकेतील बॉस्टन शहरी रेमंड ॲडम्स आणि त्याचे सहकारी मॉरिस व्हिक्टर व एलियट मँकॉल यांच्यापुढे एक तरुण दारुडा रोगी आला. दारू तुटल्यामुळे होणाऱ्या विकारांसाठी तो दहा दिवसांपूर्वी दाखल झाला होता. पाहता पाहता त्याचे दोन्ही हात, दोन्ही पाय लुळे पडले. बोलणे गेले, गिळणे गेले. काही आठवड्यांनी तो मेला. शवविच्छेदनात मेंदूच्या बुंध्यातील ज्या भागाला ‘सेतू’ म्हणतात त्याच्या ऐन मध्यभागी, डावीउजवीकडे सारखे पसरलेले, एक मोठे विकृत क्षेत्र आढळले.

हा सेतू कोणता, हे सांगितले पाहिजे. इटलीतील बोलोन्याचा शारीरशास्त्रज्ञ कॉन्स्तान्झो व्हारोलिओ याने सोळाव्या शतकात, मेंदू उलटा करून तळाकडून पाहण्याची रीत काढली. कालव्यावर पूल असावा तसा एक आडवा उंचवटा त्याला तेथे दिसला, आणि 1573 साली छापलेल्या त्याच्या ग्रंथापासून ते नाव चालत आले. मोठ्या मेंदूतून हातापायांस, जिभेस आणि घशास जाणाऱ्या आज्ञा या अंगठ्याएवढ्या पुलावरून जातात. विजेच्या तारेवर रबराचे वेष्टण असावे तसे प्रत्येक मज्जातंतूवर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टण असते. बॉस्टनच्या रोग्यात मज्जातंतू बव्हंशी शाबूत होते. त्यांवरील वेष्टण तेवढे विरघळल्यासारखे नाहीसे झाले होते. रक्तवाहिनी तुंबून झालेला हा नाश नव्हता, कारण त्याचा आकार कोणत्याही रक्तवाहिनीच्या मुलखाशी जुळत नव्हता. जंतूंची खूणही नव्हती.

या विकाराची भीषणता अशी की, सेतूच्या वरचा मोठा मेंदू जागाच राहतो. रोग्याला सर्व ऐकू येते, सर्व कळते; परंतु बोट हलविता येत नाही की शब्द उच्चारता येत नाही. पुष्कळदा डोळे वर-खाली करणे एवढेच स्वातंत्र्य उरते. आप्त उशाशी बसून ‘यांना आता काही समजत नाही’ असे बोलत असतात, आणि ते बोलणे रोगी ऐकत असतो. इंग्रजीत या स्थितीला कुलूपबंद अवस्था अशा अर्थाचे नाव 1966 साली मिळाले. याहून अचूक नाव मला सुचत नाही.

पुढल्या पाच वर्षांत आणखी तीन रोगी मिळाले आणि 1959 साली या चौघांची हकीकत प्रसिद्ध झाली. ॲडम्स हा आपल्या काळचा अग्रगण्य मज्जातंतुवैद्य होता, आणि पूर्वी कोणी न वर्णिलेला रोग ओळखण्याची त्याची दृष्टी असामान्य होती यात संशय नाही. परंतु त्या लेखाचे शीर्षक पाहण्यासारखे आहे. मद्यपी व कुपोषित रोग्यांत आढळणारा, आजवर वर्णन न झालेला विकार, असे त्यात म्हटले होते. चारांपैकी तिघे दारुडे होते, म्हणून हे स्वाभाविकच. तथापि त्या शीर्षकाने दोन दशकांच्या विचाराला वळण लावून दिले. रोगाचे कारण रोग्याच्या वर्तनात आणि त्याच्या रिकाम्या पोटात शोधले जाऊ लागले. कोणते जीवनसत्त्व कमी पडले, कोणते विष मद्यातून आले, याचा खल सुरू झाला. खाटेशेजारी टांगलेल्या बाटलीकडे कोणाचीच दृष्टी वळली नाही.

ती का वळली नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. पहिले कारण काळाचे आहे. सोडियम झपाट्याने वर आणले की रोगी त्याच दिवशी सुधारतो. माझी मामी चहा मागू लागली, तसे. घरचे लोक आनंदतात, डॉक्टर शाबासकी मिळवितो, आणि नोंदवहीत यशाची नोंद होते. घाव मात्र दोनतीन दिवसांनी, कधी आठवड्याने उमटतो. तोवर बाटली निघालेली असते आणि आकडा उत्तम असतो. निर्दोष आकडा असलेला माणूस लुळा पडला तर कारण दुसरीकडेच शोधले जाणार! दुसरे कारण अधिक बोचरे आहे. दारुडा, उपाशी, एकाकी माणूस बिघडला तर त्याचे नवल कोणास वाटत नाही. त्याच्या व्यसनाने सर्व प्रश्नांचे उत्तर आधीच देऊन ठेवलेले असते. हेच चार रोगी प्रतिष्ठित घरचे असते तर 1959 सालीच कोणी तरी विचारले असते, ‘आपण यांना काय काय दिले?’ हा माझा तर्क आहे. परंतु वैद्यकाचा इतिहास वाचणाऱ्यास तो अगदीच निराधार वाटू नये.

अखेर प्रश्न विचारला गेला तो 1976-77 च्या सुमारास. विकार झालेल्यांच्या जुन्या नोंदी चाळताना काही जणांच्या ध्यानात आले की, रोगी दाखल होतेवेळी त्यांचे सोडियम फार खाली होते आणि नंतर ते भराभर वर गेले होते. मायकेल नॉरेनबर्ग या विकृतिशास्त्रज्ञाने हा धागा सोडला नाही. 1981 साली त्याने व क्लाइनश्मिट-डीमास्टर्स या विदुषीने उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांचे सोडियम काही दिवस खाली ठेवले आणि मग घट्ट मिठाने ते एकदम वर आणले, तेव्हा त्यांच्या मेंदूत तेच वेष्टण झडलेले आढळले. सोडियम खालीच राहू दिलेल्या उंदरांत तसे झाले नाही. दोन वर्षांनी रॉबर्ट लॉरेनो याने कुत्र्यांत हेच दाखविले. रोग कमी मिठाचा नव्हता. तो मीठ परत येण्याच्या वेगाचा होता. आणि तो वेग देणारा हात वैद्याचा होता.

असे का व्हावे? आपल्या घरातील दोन गोष्टी आठवाव्या. कैरीच्या फोडींस मीठ लावून ठेवले की त्यांस पाणी सुटते आणि त्या आक्रसतात; तासगावचा बेदाणा रात्रभर पाण्यात टाकला की टरारून फुगतो. पडद्याच्या ज्या बाजूस क्षार अधिक, तिकडे पाणी धावते, एवढाच हा नियम. रक्त पातळ झाले की पाणी मेंदूच्या पेशींत शिरते आणि मेंदू फुगू लागतो. आंब्यापोटी जागा असते. कवटीत ती नाही. तेव्हा मेंदू युक्ती करतो. तो आपल्या पेशींतील क्षार, आणि त्यामागोमाग काही सेंद्रिय द्रव्ये, बाहेर टाकून देतो. आत विरघळलेले कमी झाले म्हणजे पाणीही कमी शिरते. दुष्काळात कुणबी दावणीची जनावरे विकून घर तगवितो, तसलाच हा प्रकार. यास सुमारे दोन दिवस लागतात. या दोन दिवसांनंतर मेंदू पुष्कळसा मूळ आकारास येतो आणि रोगी, मलूल का होईना, जगत राहतो. आता जर कोणी रक्तातील मीठ एकाएकी वाढविले, तर पेशींतील उरलेसुरले पाणी बाहेर खेचले जाते. टाकून दिलेली द्रव्ये परत जमवावयास मेंदूला कित्येक दिवस हवेत. विकलेली जनावरे पहिल्या पावसाच्या दिवशी दावणीला परत येत नाहीत. या ओढाताणीत वेष्टण विणणाऱ्या व त्यांस पोसणाऱ्या पेशी मरतात, आणि सेतूत त्यांची गर्दी असल्यामुळे पहिला तडा बहुधा तेथे जातो. मेंदूच्या इतर भागांतही तो जातो, हे मागाहून कळले.

यावरून सर्वांनी सावकाशीचा धडा घेतला असेल असे वाटेल. प्रत्यक्षात 1986 साली मोठे वादळ झाले. त्या वर्षीच्या 12 जूनच्या अंकात अमेरिकेतील एका प्रख्यात वैद्यकीय साप्ताहिकाने दोन लेख पाठोपाठ छापले. पहिला ॲलन एरीफ याचा. शस्त्रक्रियेपूर्वी निरोगी असलेल्या पंधरा स्त्रियांचे सोडियम शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांत 138 वरून सरासरीने 108 पर्यंत घसरले. त्यांस झटके आले, श्वास थांबला. चौघी मेल्या आणि उरलेल्यांपैकी एकही पूर्ववत झाली नाही. दुसरा लेख रिचर्ड स्टर्न्स, जॅक रिग्ज आणि सिडनी शोशे यांचा. त्यांत आठ रोगी होते; त्यांचे सोडियम दिवसाला 12 पेक्षा अधिक वेगाने वाढविले गेले होते, आणि त्यानंतर आठही जणांच्या मेंदूस इजा झाली. पहिला लेख उशिराची भीती सांगतो, दुसरा घाईची. एकाच अंकात, पानास पान लागून! त्याच अंकातील अग्रलेखाने घाईने नासाडी होते काय, असा प्रश्न आपल्या शीर्षकातच टाकला होता. आपल्याकडे घाटांतील वळणांवर ‘अति घाई संकटात नेई’ ही पाटी असते. तिच्याखालीच कोणी ‘विलंब झाल्यास गाडी दरीत’ असे लिहिले तर चालकाची जी अवस्था होईल, ती त्या काळच्या डॉक्टरांची झाली.

वाद अनेक वर्षे चालला, आणि त्यात शब्दांची धार कधी कधी शास्त्राच्या मर्यादेबाहेर गेली. परंतु दोन्ही पक्ष खरे बोलत होते. ते वेगवेगळ्या रोग्यांविषयी बोलत होते, एवढेच. एरीफच्या स्त्रियांचे सोडियम तासांत घसरले होते. त्यांच्या मेंदूस जनावरे विकावयास सवड मिळाली नव्हती, त्यांचा मेंदू कवटीत फुगून मरत होता. त्यांस घट्ट मीठ तत्काळ हवे होते. स्टर्न्सच्या रोग्यांनी दिवसांमागून दिवस जुळवून घेतले होते. त्यांस घाई घातक होती. तेव्हापासून अठ्ठेचाळीस तासांची रेघ आखली गेली. झटके येत असतील, शुद्ध हरपत असेल, तर तीन टक्के मिठाचे शेदीडशे मिलिलिटर पाणी त्वरित द्यावे. सोडियम चार ते सहा अंक वर गेले की बहुधा जीव वाचतो. त्यानंतर मात्र लगाम खेचावा. हा लगाम प्रथम दिवसाला 12 चा होता, पुढे 10 चा झाला. आणि मद्यपी, कुपोषित, यकृताचे रोगी, पोटॅशियम कमी असलेले, ज्यांचे सोडियम 105 किंवा त्याखाली गेले आहे असे, या सर्वांसाठी 8 वर आला. आकडा हद्द ओलांडू लागला तर पाणी व लघवी रोखणारे औषध देऊन तो परत खाली ओढण्याची रीतही रूढ झाली. विट्याच्या डॉक्टरांनी पहाटे केले ते हेच. मामीचा आकडा 106, शरीर चार घासांवर पोसलेले. 105 ची रेघ एका अंकाने हुकली म्हणून तो डॉक्टर निर्धास्त राहिला नाही.

इतिहास तेथेही थांबलेला नाही, हे नमूद केले पाहिजे. 2023 साली टोरोंटोतील पाच रुग्णालयांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. सोडियम 130 च्या खाली असलेल्या 22,858 दाखल्यांत हा विकार केवळ बारा जणांस झाला होता, आणि त्यांपैकी सात जणांचे सोडियम मर्यादेपेक्षा वेगाने वाढलेच नव्हते. त्याच वर्षी बॉस्टनहून आलेल्या एका अभ्यासात, फार सावकाश दुरुस्त केलेल्या अतिगंभीर रोग्यांत मृत्यू अधिक आढळले. यावरून काही जण म्हणू लागले की, सावकाशीचा अतिरेक झाला. मला वाटते, या आकड्यांचा अर्थ लावताना जपले पाहिजे. रोगी आधीच मरणोन्मुख असेल तर त्याचे सोडियमही लवकर वर येत नाही; तेव्हा सावकाशीने मारले की मरणानेच सावकाश केले, हे केवळ नोंदवह्यांवरून सांगता येत नाही. आणि बारा ही संख्या लहान आहे हे खरे. परंतु ज्या बाईचे सोडियम 106 आहे तिच्या घरच्यांनी 129 वाल्यांच्या गर्दीत तिची गणना कशासाठी करावी? तथापि मद्य आणि उपासमार यांकडे बोट दाखविणारे 1959 चे ते शीर्षक अगदीच चुकले नव्हते, असा या अभ्यासाचा एक निष्कर्ष काढता येईल. दुबळ्या मेंदूला थोडीशी ओढही सोसत नाही. ॲडम्सला रोगी दिसला होता, बाटली दिसली नव्हती. पुढच्यांना बाटली दिसली आणि काही काळ रोगी दिसेनासा झाला.

एके काळी हा विकार शवविच्छेदनाच्या टेबलावरच ओळखला जाई, म्हणून तो नेहमी प्राणघातक मानला गेला. चुंबकीय छायाचित्रण आल्यापासून तो जिवंतपणी दिसू लागला, जरी पहिले काही दिवस छायाचित्र निर्दोष येऊ शकते. आता कळते की काही रोगी महिन्यांच्या शुश्रूषेने चालू-बोलू लागतात, काही अधू राहतात, काही जातात. कोणता रोगी कोणत्या वाटेने जाईल हे आरंभी सांगता येत नाही. म्हणून डोळ्यांची उघडझाप एवढीच भाषा उरलेल्या माणसाचीही आशा लवकर सोडू नये, असे जाणते वैद्य सांगतात.

मामीचे सोडियम त्या दिवशी दुपारपर्यंत 112 वर उतरविले गेले. ती पुन्हा थोडी गुंगीत गेली आणि आमच्यातील काहींनी तिला दुसरीकडे हलविण्याची भाषा सुरू केली. रात्रभर व्हरांड्यात वाद चालला. मामेभाऊ त्यात बोलला नाही. तो भिंतीला टेकून बसून होता. पुढे रोज सहासात अंक चढत पाचव्या दिवशी आकडा 131 झाला. डॉक्टरांनी गोळी बदलली, अळणी जेवण बंद करावयास सांगितले, आणि तहानेपुरतेच पाणी प्यावे असे बजावले. पुढला आठवडा तिची जीभ अडखळते काय, हात थरथरतो काय, हे आम्ही चोरून पाहत होतो. डॉक्टरांनीच तसे पाहावयास सांगितले होते. आठव्या दिवशी तिने सुनेला हाक मारून, आमटीत मीठ घातले आहे की नाही असे खडसावून विचारले. शब्द स्पष्ट होते.

रुग्णालयातून निघताना मामेभावाने डॉक्टरांकडून सोडियमच्या आकड्यांचा तो कागद मागून घेतला. तमिळनाडूतील त्याच्या दुकानात, भट्टीच्या वर, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी तो चिकटवलेला आहे. धुराने आकडे आता पुसट झाले आहेत.